लॉन मोवरच्या पात्याला धार लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोवरच्या पात्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते एकदाच, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अडचणीच्याकडे असा क्रम आहे. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक घोळ आधीच मिटवतो. मराठीत गवताचंही पातं आणि मशीनचंही पातंच. इथे पातं म्हणजे मशीनचं. गवताच्या पात्याला मी काडी म्हणतो. आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे मोवर म्हणजे ज्याच्या पोटात एक आडवं पातं गरगर फिरतं तो नेहमीचा मोवर. रिळाच्या मोवरचं गणित निराळं आहे, ते प्रश्न २२ मध्ये.

१. मशीन न उघडता पात्याची धार गेली हे कसं ओळखायचं?

गवताकडे बघून. पण कापल्या कापल्या नाही, एक-दोन दिवसांनी. लॉनवर वरवर एक पांढुरकी, करपल्यासारखी झाक दिसत असेल तर खाली बसून एक काडी तोडा आणि तिचं टोक बघा. धार चांगली असेल तर टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ असतं. धार गेली असेल तर काडी ठेचून तुटलेली दिसते आणि टोकाला पांढरे तंतू लोंबतात, सुतळीचं टोक सुटावं तसे.

हा रोग तर नाही ना, अशी शंका पुष्कळांना येते. रोगाचे डाग सहसा ठिकठिकाणी पडतात आणि काडीच्या अंगावर कुठेही असतात. बोथट पात्याची झळ फक्त टोकांना लागते आणि लॉनभर साधारण सारखी दिसते.

२. फाटलं काय नि कापलं काय, गवत छोटं झालं ना? फरक काय पडतो?

फाटलेल्या टोकाची जखम मोठी असते. तिथून काडीतलं पाणी जास्त उडतं, टोक वाळतं आणि बुरशीला शिरायला वाट मिळते. उन्हाच्या दिवसांत हे लगेच जाणवतं. मशीनलाही त्रास होतो: तेच गवत तोडायला जास्त जोर लागतो, म्हणजे पेट्रोल जास्त जळतं आणि बॅटरीचा मोवर असेल तर लॉन संपायच्या आत बॅटरी संपते.

३. किती दिवसांनी धार लावायची?

दिवस मोजू नका, चाललेले तास मोजा. २० ते २५ तासांनी एकदा हा बहुतेकांना चालणारा हिशोब आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास मशीन चालत असेल तर हे तास भरायला दहा-अकरा महिने लागतात. मोठं लॉन असेल तर दोन महिन्यांतही भरतील.

पण जमीन वाळूची असेल तर हा हिशोब विसरा. पात्यामुळे हवा वर ओढली जाते, तिच्याबरोबर वाळू येते आणि पातं आतल्या आत घासलं जातं. अशा ठिकाणी १० तासांतही धार जाते. उंदरांनी किंवा मुंग्यांनी वर काढलेली माती, झाडाची उघडी मुळं, वाळक्या काटक्या यांनीही तेच होतं. शंका आली की प्रश्न १ मधली काडी बघा.

४. वस्तऱ्यासारखी धार काढली तर आणखी स्वच्छ कापेल ना?

नाही. सगळ्यात जास्त पाती याच समजुतीपायी वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

चाकू आपण सरकवतो, म्हणून त्याला पातळ धार लागते. मोवरचं पातं सरकत नाही, ते वेगाने येऊन आदळतं. ५३ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने जात असतं. गवताची काडी नुसती मुळावर उभी असते, तिला मागून कसलाही आधार नसतो. ती वाकून निसटायच्या आत छाटली जाते ती या वेगामुळे. धारेचं काम एवढंच, की आदळताना काडी चिरली जावी, ठेचली जाऊ नये.

आता वस्तऱ्यासारखी पातळ कड त्या वेगाने पहिल्या खड्यावर आदळली की दुमडते किंवा तिचा कपचा उडतो. पाच मिनिटांत धार पूर्वीपेक्षा वाईट. म्हणून उतार, म्हणजे धारेची तिरकी घासलेली बाजू, साधारण ३० अंशांचा ठेवायचा आणि अगदी टोकाच्या कडेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की थांबायचं. बोट हलकेच आडवं टेकवलं तर धार जाणवावी, पण कापू नये. लोण्याच्या सुरीपेक्षा जरा तेज, एवढंच.

३० अंश मोजायला कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी मोजा आणि उताराची रुंदी तिच्या दुप्पट ठेवा. ३ मिलिमीटर जाड पात्याला ६ मिलिमीटर रुंद उतार म्हणजे बरोबर ३० अंश. मूळ उतार शाबूत असेल तर तेही करायची गरज नाही, कारखान्यातून आलेला कोनच पाळा.

५. पातं काढण्याआधी काय काय बंद करायचं? नुसतं इंजिन बंद केलं तर चालत नाही का?

चालत नाही. पेट्रोलच्या मशीनमध्ये पातं थेट इंजिनच्या दांड्यावर असतं. तुम्ही हाताने पातं फिरवलंत म्हणजे इंजिनच फिरवलंत, आणि गरम इंजिन तेवढ्यानेही एखादा झटका देऊ शकतं. तो एक झटका बोटं न्यायला पुरतो.

पेट्रोलचा मोवर असेल तर स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा आणि प्लगपासून लांब अडकवून ठेवा. विजेचा असेल तर प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. बॅटरीचा असेल तर बॅटरी बाहेर काढा, सुरक्षा-किल्ली असेल तर तीही. मगच हात खाली घाला, तोही जाड हातमोजा घालून. बोथट पातंसुद्धा हात फाडतं. त्याच्या कडेवरचे कुसळासारखे कपचे दिसत नाहीत, टोचल्यावर कळतात.

६. मशीन आडवं केलं आणि नंतर सुरू केल्यावर नुसता पांढरा धूर. काय चुकलं?

चुकीच्या कुशीवर कलंडवलं. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर ज्या बाजूला आहेत ती बाजू नेहमी वर आली पाहिजे. ती खाली गेली की इंजिनमधलं तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं आणि मग तेच जळत राहतं.

झालंच असेल तर फिल्टर काढून बघा. कागदी फिल्टर तेलाने भिजला असेल तर बदला, स्पंजचा असेल तर धुऊन वाळवा. स्पार्क प्लग काढून दोरी चार-सहा वेळा ओढा, म्हणजे सिलिंडरमधलं तेल बाहेर येईल (त्या भोकासमोर तोंड नेऊ नका). तेलाची पातळी बघा, प्लग पुसून बसवा. उरलेला धूर थोड्या वेळात जातो.

पुढच्या वेळी टाकी रिकामी होत आली की मगच हे काम काढा.

७. पात्याचा बोल्ट हलतच नाही. हातोडा मारू का?

पान्यावर हातोडा मारण्याआधी पातं अडकवलंय का ते बघा. पात्याचं टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यामध्ये लाकडाचा एक जाड ठोकळा घाला, म्हणजे पान्याबरोबर पातं फिरणार नाही. हाताने धरून कधीच नाही.

मग गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास विसरून जा. सहा पैलूंचा सॉकेट आणि लांब दांडा वापरा. उघडा पाना निसटतो, बोल्टचे कोपरे घासले जातात आणि मग खरी पंचाईत होते. बहुतेक बोल्ट नेहमीसारखे, घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की सुटतात, पण काही मशीनवर उलट्या आट्यांचा बोल्टही असतो. दांडा लावून, अंगाचं वजन टाकूनही हलत नसेल तर माहितीपुस्तिका उघडून दिशा तपासा. आपण जोर लावून घट्टच करत असू, ही शक्यता मनात येत नाही.

८. कानस घ्यावी की ग्राइंडर?

घरचं एकच पातं असेल तर माझं मत कानशीच्या बाजूने. १० किंवा १२ इंची सपाट कानस, एकेरी दात्यांची, मूठ बसवलेली. बिनमुठीच्या कानशीची शेपटी तळहातात घुसते. कानशीने दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण पातं तापत नाही आणि जादा धातू चुकूनही उडत नाही.

मुळात कानस चालते तरी कशी, पोलाद तर कडक असतं? मोवरचं पातं मुद्दामच चाकूइतकं कडक केलेलं नसतं. दगडावर आदळलं तर ते वाकावं, फुटून तुकडा उडू नये, हा त्यामागचा विचार. म्हणून कानस त्यात चावते.

ग्राइंडर हवा तो खांडे पडलेल्या किंवा बऱ्याच पात्यांसाठी. हातातला अँगल ग्राइंडर असेल तर ६० किंवा ८० ग्रिटची (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दाणा बारीक) फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, लावा. दगडी चाकापेक्षा ती सौम्य चालते. गॉगल घाला. ठिणग्या पेट्रोलच्या टाकीकडे आणि वाळक्या गवताकडे जाणार नाहीत असे उभे राहा, आणि मशीनपासून दूरच काम करा.

९. कानशीने धार लावायची नेमकी पद्धत सांगा.

पातं काढण्याआधी जमिनीकडच्या बाजूला खडूने किंवा मार्करने मोठी फुली मारा. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे. मग चिकटलेला हिरवा थर खरवडून पातं पुसा, म्हणजे तडे दिसतील. तडा दिसला तर इथेच थांबा आणि प्रश्न १८ कडे जा.

पातं व्हाइसमध्ये घट्ट आवळा, उतार तुमच्याकडे आणि वर. व्हाइस नसेल तर जड टेबलाच्या कडेला दोन क्लॅम्प. पातं हलत असेल तर कोन टिकत नाही, आणि कोन टिकला नाही तर धार लाटेसारखी होते.

उतारावर मार्करने काळी रेघ ओढा. कानस उतारावर पूर्ण टेकवा आणि एक हलका हात मारा. रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली तर कोन बरोबर. नुसती धारेकडची कड पुसली तर कानस खूप उभी आहे, नुसती मागची पुसली तर खूप आडवी. हा काळ्या रेघेचा उपाय करून बघितला की कोनाची भीती जाते.

आता पुढे ढकलताना दाब, मागे आणताना कानस उचलून. मागे ओढतानाही घासलीत तर दाते मरतात. आवाजाकडे लक्ष ठेवा: कानस चावत असेल तर जाड, खरबरीत आवाज येतो. ती सरकू लागली, किंचाळू लागली, की दात्यांत कीस अडकलाय. तारेच्या ब्रशने झाडा आणि पुढे जा.

काम फक्त धारेच्या भागात, आणि त्यातही बाहेरच्या सात-आठ सेंटिमीटरवर जास्त लक्ष. बहुतेक गवत तिथेच कापलं जातं. मागच्या बाजूचा वर वळलेला पंख हवा ओढायला असतो. त्याला कानस लावू नका.

घासता घासता खालच्या सपाट बाजूला एक बारीक खरखरीत कड येते, तिला बर म्हणतात. नख वरून खाली ओढलं की अडकतं. धारेच्या पूर्ण लांबीवर बर आली म्हणजे उतार कडेपर्यंत पोहोचला. तेव्हा कानस सपाट बाजूवर अगदी आडवी ठेवून एक-दोन हलके हात मारा, बर निघून जाते. सपाट बाजूला उतार मात्र काढू नका.

हात मोजा. या टोकाला ४० मारले तर त्या टोकालाही ४०. त्याने तोल आपोआप बराच सांभाळला जातो. उरलेलं प्रश्न १२ मध्ये.

१०. ग्राइंडरवर पात्याची कड निळी पडली. पातं गेलं का?

निळा रंग म्हणजे तिथलं पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं होतं. त्याने पोलादाचं पाणी उतरू शकतं, म्हणजे ते मऊ पडतं. किती उतरलं हे कानशीलाच विचारा: निळ्या जागी एक हात मारा, स्वच्छ जागी एक मारा. निळ्या जागी कानस जास्त सहज चावली तर तेवढा भाग मऊ झालाय आणि तिथली धार लवकर बसेल. अशी निळाई फक्त कडेला एक-दोन मिलिमीटर असेल तर ती कानशीने काढून टाका. सहसा बात तिथेच संपते.

कड लालभडक झाली असेल आणि ती तशीच पाण्यात बुडवली असेल तर मात्र पातं टाकून द्या. लाल पोलाद एकदम गार केलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं, आणि ताशी ३०० किलोमीटरने फिरणारी ठिसूळ गोष्ट पायापाशी नको.

पुढच्या वेळी हलका दाब, एका जागी थांबायचं नाही, आणि हाताला चटका बसायच्या आतच पाण्यात बुडवायचं.

११. धारेला मोठे खांडे पडलेत. सगळे जाईपर्यंत घासू?

दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे खांडे असतील तर ते पूर्ण काढायच्या मागे लागू नका. धार त्यांच्या दोन्ही अंगांनी नीट केली की पुरे. एक खांडा घालवायला सगळी कड तीन मिलिमीटर मागे न्यायची म्हणजे पात्याचं आयुष्य एका बैठकीत संपवायचं, आणि तोल जाईल तो वेगळाच. पुढच्या दोन-तीन वेळच्या धारेत खांडा आपोआप बुजतो. त्याहून खोल असेल तर आधी तिथे तडा आहे का ते बघा.

१२. तोल तपासणं खरंच गरजेचं आहे का? मी कधीच करत नाही, मशीन चालतंय की.

धार थोडी कमी-जास्त राहिली तर गवत वाईट दिसेल. तोल गेला तर मशीन खराब होतं. दोन्हींपैकी एकालाच वेळ असेल तर मी तोलाला देतो.

समजा एका टोकाला १० ग्रॅम धातू जास्त राहिला, मधल्या भोकापासून २५ सेंटिमीटरवर. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना हे १० ग्रॅम दांड्याला सुमारे २५ किलोच्या जोराने बाहेर ओढतात. आणि ही ओढ एकाच दिशेला नसते, सेकंदाला पन्नास वेळा चौफेर फिरते. हँडलवर हाताला मुंग्या येतात त्या याच. दांड्याचं बेअरिंग आणि तेलाचं सील यातून जातं.

तपासायला फार काही लागत नाही. भिंतीला किंवा लाकडाला एक गुळगुळीत खिळा आडवा ठोका, पात्याचं मधलं भोक त्यात अडकवा, पातं आडवं करून हलकेच सोडा. जे टोक खाली जातं ते जड. मग पातं उलटं फिरवून, म्हणजे मागची बाजू पुढे करून, पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच टोक खाली गेलं तर ते खरंच जड आहे. एकदा हे आणि एकदा ते गेलं तर भोक खिळ्यावर नीट बसलेलं नाही. शंकूच्या आकाराचं छोटं तोलयंत्रही मिळतं. मोठ्या भोकाच्या पात्याला ते जास्त बरं.

जड टोकाकडच्या उतारावर आणखी पाच-सहा हात मारा, पुन्हा अडकवा. असं करत करत पातं आडवं थांबायला लागलं की झालं. तपासण्याआधी पातं स्वच्छ मात्र पाहिजे. वाळलेल्या गवताचा थरही सहज काही ग्रॅम भरतो, आणि मग आपण घाणीचा तोल साधायला पोलाद घासत बसतो.

१३. पातं परत बसवताना कोणती बाजू वर?

वळलेला पंख वर, मशीनच्या पोटाकडे. सपाट बाजू जमिनीकडे. फिरताना धार पुढे आणि पंख मागे राहिला पाहिजे.

फुली मारायला सांगितली ती याचसाठी. मी एकदा फुली न मारता, गप्पा मारता मारता पातं उलटं बसवलं आणि अख्खं लॉन फिरून आलो. आवाज नेहमीचा, मशीन जोरात, आणि मागे गवत नुसतं झोपलेलं. मला वाटलं धार चुकली, म्हणून पातं काढून पुन्हा घासायला घेतलं. तेव्हा कुठे सपाट बाजूला साचलेला हिरवा लगदा दिसला.

१४. बोल्ट किती घट्ट करायचा? तेल लावून बसवला तर पुढच्या वेळी सहज निघेल ना?

माहितीपुस्तिकेत आकडा असतो, तोच पाळा. ढकलायच्या बहुतेक मोवरना तो ५० ते ८० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मशीनचा खरा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं तो आकडा दाखवणारा) नसेल तर एखादा मागून आणणं बरं, ही अंदाजाची जागा नाही.

तेल लावू नका. आटे ओले असले की तोच आकडा दाखवताना बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. वॉशर बशीसारखा वाकलेला असेल तर तो काढताना जसा होता तसाच बसवा. तो सपाट झाला असेल किंवा बोल्टचे आटे खराब दिसत असतील तर दोन्ही नवे घाला.

१५. पातं न काढताच धार लावली तर?

दोन धारांच्या मधल्या काळात कानशीचे चार हात मारायला हरकत नाही, अर्थात प्रश्न ५ मधलं सगळं करून. पण अशी धार तोल न तपासताच राहते, कोन नीट दिसत नाही आणि पंखाखालचा तडाही दिसत नाही. ड्रिलला लावायचे छोटे दगड याच कामासाठी मिळतात. मला ते आवडत नाहीत, मशीनच्या पोटात हात वाकडा करून कोन धरता येत नाही.

मोवर वाळूवरून चालवला की धार आपोआप लागते, असंही विचारणारे आहेत. वाळूने धार जाते, प्रश्न ३ बघा.

१६. नुकतीच धार लावली, तरी मागे काड्या उभ्या राहतात. का?

आधी पातं उलटं नाही ना ते बघा (प्रश्न १३). ते ठीक असेल तर बहुधा धारेचा दोष नाही. गवत ओलं असेल तर ते चिकटून आडवं पडतं आणि पात्याखालून निसटतं. मशीनच्या पोटात जुन्या गवताचा थर असेल तर हवा वर ओढली जात नाही, काड्या उभ्या राहत नाहीत. पातं काढलेलं असतानाच हा थर लाकडी पट्टीने खरवडून टाकावा. गवत फार वाढलं असेल तर एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, दोन वेळा कापा. आणि इंजिन पूर्ण वेगाने चाललं पाहिजे. पेट्रोल वाचवायला वेग कमी ठेवणारे धारेला दोष देत बसतात.

पंख झिजून गेला असेल तरी हेच होतं, मग नवी धार काय करणार.

१७. पातं दगडावर जोरात आपटलं आणि मशीन बंद पडलं. आता?

लगेच दोरी ओढू नका. प्रश्न ५ प्रमाणे सगळं तोडा आणि पातं बघा. वाकलंय का हे मोजायला एक टोक मशीनच्या कडेच्या एका ठरावीक जागी आणा आणि तिथून अंतर मोजा. मग दुसरं टोक त्याच जागी आणून मोजा. फरक ३ मिलिमीटरहून जास्त असेल तर काहीतरी वाकलंय.

काय वाकलंय, पातं की दांडा? नवं, सरळ पातं बसवून पुन्हा मोजा. फरक राहिलाच तर इंजिनचा दांडा वाकला आहे, ते काम मेकॅनिकचं. सगळं सरळ असूनही मशीन सुरू होत नसेल किंवा दोरी उलटा झटका देत असेल तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या दांड्यावरचं जड चाक, दांड्यावर जागेवर धरणारी छोटी चावी कापली गेली असण्याची शक्यता मोठी. ती बदलता येते.

१८. वाकलेलं पातं ठोकून सरळ करता येईल? आणि बदलायचं नेमकं कधी?

ठोकून सरळ करू नका. वाकलेल्या जागी पोलाद आधीच थकलेलं असतं, ठोकल्याने तिथेच तडा धरतो. वेल्डिंगही नाही.

वाकलं, तडा गेला, मधलं भोक अंडाकार झालं, किंवा पंख जिथे वर वळतो त्या घडीत वाळूने घासून पत्रा पातळ झाला, यांतलं एकही दिसलं की पातं बदला. शेवटची गोष्ट सगळ्यात फसवी. धार छान दिसत असते, पण मागे घडीत आधी खोबण पडते, मग फट, आणि एक दिवस पंखाचा तुकडा सुटून उडतो. प्रत्येक वेळी धार लावताना त्या घडीवरून बोट फिरवून बघा.

१९. नवं पातं आणलं, त्याला धारच नाही! फसवलं का?

नाही. नव्या पात्यावर रंगाचा थर असतो आणि उतारही जरा जाडसर ठेवलेला असतो. बसवा आणि चालवा, रंग पहिल्याच फेरीत जातो. फार बोथट वाटलं तर कानशीचे पाच-सात हात, दोन्हीकडे सारखे.

२०. मल्चिंगच्या (कापलेलं गवत बारीक करून लॉनवरच सोडणाऱ्या) वळणदार पात्याला कशी धार लावू?

उतार जिथे जसा वळतो तसंच त्याच्या मागे जायचं. आतल्या गोलाईला अर्धगोल कानस लागते, सपाट कानशीने वळण सरळ होऊन बसतं. या पात्यांना धारेचा भाग जास्त लांब असतो, कारण तीच काडी वर उडवून पुन्हा पुन्हा कापायची असते. म्हणून इथे फक्त टोकाकडची धार पुरत नाही. मागच्या पंखाला दाते असतील तर त्यांना हात लावू नका. त्यांचं काम गवत वर ढकलायचं.

२१. बसून चालवायच्या मोवरला तीन पाती आहेत. एकच बोथट झालंय, तेवढंच करू?

तिन्ही एकदम करा, नाहीतर लॉनवर पट्टे दिसतात. पातं कुठलं कुठे होतं ते १, २, ३ असं मार्करने लिहा. लांबी सारखी दिसली तरी काही मशीनवर पाती उलट दिशांनी फिरतात, ती आपसांत बदलून चालत नाहीत. मशीन नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका, खाली पक्के टेकू द्या.

२२. माझा मोवर हाताने ढकलायचा, रिळाचा आहे. त्यालाही कानस चालेल?

नाही. रिळाच्या मोवरचं सगळं काम कात्रीसारखं असतं. फिरणारी वळणदार पाती खालच्या स्थिर पट्टीवरून सरकत जातात आणि काडी दोघांमध्ये कापली जाते. मोवरचा मूळ अवतार हाच. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि कल्पना उचलली ती गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. आजही परीक्षा तशीच घेतात: कागदाची पट्टी रिळ आणि स्थिर पट्टी यांच्यामध्ये धरा, रिळ सावकाश फिरवा. सगळ्या रुंदीभर कागद स्वच्छ कापला गेला तर धारेला हात लावू नका.

काही ठिकाणी कापतो, काही ठिकाणी दुमडतो, असं झालं तर आधी स्थिर पट्टीचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून अंतर जुळवा. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. त्यानंतरही राहिलं तर घासायची पेस्ट, ८० ते १२० ग्रिटची, ब्रशने पात्यांना लावायची आणि रिळ उलट्या दिशेने फिरवायचं. पाती आणि पट्टी एकमेकांना घासून स्वतःच जुळतात. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग ती मऊ होत जाते. शेवटी पेस्ट पूर्ण धुऊन टाका, एक थेंब राहिला तरी ती पुढेही घासतच राहते.

२३. रोबॉट मोवरच्या छोट्या पात्यांना धार लावता येते का?

लावू नका. दाढीच्या ब्लेडसारखी ती पातळ पाती स्क्रूवर मोकळी झुलतात. घासली की पातळ होतात आणि वजनही सारखं राहत नाही. बहुतेक पात्यांना दोन्ही कडांना धार असते, तेव्हा एक कड गेली की उलटवून बसवा, दुसरीही गेली की सगळा संच एकदम बदला. स्क्रूही नवे घाला. जुन्यांचे आटे झिजलेले असतात, आणि सुटलेलं पातं गवतात शोधायचं म्हणजे अनवाणी चालणाऱ्याच्या आधी ते आपल्याला सापडायला हवं. चुंबक दोरीला बांधून लॉनवर ओढला तर लवकर सापडतं.